नफ्याच्या बातमीत फेअर व्हॅल्यूचीही एक ओळ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तिमाही निकाल सुरू झाले की अर्थ पानावर रोज कुठल्यातरी कंपनीचा नफा इतके टक्के वाढला असं येतं, पण त्यातला किती धंद्यातून आला आणि किती नुसती पुस्तकातल्या आकड्याची किंमत नव्याने लावल्यामुळे, हे बातमीत कधी सापडत नाही. मी कॉमर्सच्या मुलांना अकाउंट्स शिकवते, मुलं पेपरातली बातमी घेऊन येतात आणि मग आम्हाला कंपनीच्या नोट्स उघडून बसावं लागतं.

लेन्सकार्टचंच बघा. २०२४-२५ मधे २९७ कोटी नफा, आदल्या वर्षी तोटा होता, त्यामुळे हेडलाइन जोरात झाली. पण त्यातले साधारण १६७ कोटी हे रोख आलेलेच नाहीत. ओनडेज ही जपानची चष्म्यांची कंपनी त्यांनी २०२२ मधे घेतली, त्या व्यवहारातले पुढे द्यायचे पैसे देणं म्हणून पुस्तकात उभे होते, त्या देण्याची किंमत परत काढली तर ती कमी भरली आणि तो फरक नफ्यात जमा झाला. यात लपवाछपवी काही नाही, नियमाप्रमाणेच आहे आणि आयपीओच्या कागदपत्रात लिहिलेलंही आहे. पण देणं कमी झालं की नफा दिसतो ही गोष्ट सामान्य वाचकाला कोण सांगणार?

आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून इंड एएस ११३ हे हिशोबाचं मानक लागू आहे. त्यात फेअर व्हॅल्यू म्हणजे आज बाजारात विकायला काढलं तर काय मिळेल, आणि देणं असेल तर ते दुसऱ्याने अंगावर घ्यावं म्हणून त्याला किती द्यावे लागतील. मग ही किंमत कशावरून काढली त्याच्या तीन लेव्हल. रोज ट्रेड होणाऱ्या शेअरचा भाव सरळ स्क्रीनवरून घेतला तर लेव्हल १. शेजारच्या विंगमधला फ्लॅट केवढ्याला गेला त्यावरून आपल्या फ्लॅटचा अंदाज बांधतो तसं, मिळत्याजुळत्या बॉण्डच्या यील्डवरून, म्हणजे बाजारभावाने मिळणाऱ्या परताव्यावरून, किंमत काढली तर लेव्हल २. आणि बाजारात बघण्यासारखं काहीच नसेल, कंपनीनेच ग्रोथ रेट आणि डिस्काउंट रेट (पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) धरून मॉडेल चालवलं असेल तर लेव्हल ३. माझ्या मते खरी काळजी इथेच करायला पाहिजे.

ऑनलाइन शिकवणीची बायजूज कंपनी २०२२ मधे २२ अब्ज डॉलरची म्हणून गाजली. तिच्यात पैसे घातलेल्या नेदरलँड्सच्या प्रोसस कंपनीने २०२३ च्या ताळेबंदात बायजूजची तीच किंमत ५.१ अब्जावर आणली, त्याच वर्षी नोव्हेंबरमधे ३ अब्जाच्याही खाली आणि २०२४ मधे आपल्या हिश्श्याची किंमत शून्य लिहिली. शेअर लिस्टेडच नव्हता, त्यामुळे रोजचा भाव बघून कोणी सावध व्हायची सोयच नव्हती.

आणि हे फक्त स्टार्टअपचं नाही, म्युच्युअल फंडात एसआयपी करणाऱ्यांचंही आहे. मार्च २०२० मधे येस बँकेचे सुमारे ८,४०० कोटींचे एटी-१ बॉण्ड शून्य झाले. हे बॉण्ड बँका भांडवलासाठी काढतात, त्यांना ठरलेली मुदत नसते आणि म्युच्युअल फंडही ते घेतात. पुढच्या वर्षी सेबीने सांगितलं की असे बॉण्ड १०० वर्षांचे धरून किंमत लावा, त्यावर अर्थ मंत्रालयाने हरकत घेतली, मग सेबीने ते टप्प्याटप्प्याने करायचं ठरवलं, आणि ऑगस्ट २०२४ मधे एनएफआरए या हिशोब आणि ऑडिटवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं मत घेऊन परत कॉलच्या तारखेप्रमाणे (बँक पैसे देऊन बॉण्ड परत घेऊ शकते ती तारीख) मोजायला परवानगी दिली, कारण बाजारातले लोक भाव त्याच हिशोबाने लावतात. बॉण्ड तोच, पण मुदत किती धरायची यावर किंमत बदलते आणि फंडाच्या युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, हलते!

म्हणून कळकळीची विनंती. निकालाच्या बातमीत नफ्याच्या आकड्याखाली एवढंच द्या की यातले फेअर व्हॅल्यूच्या फरकाचे किती कोटी. आणि वार्षिक अहवालाची बातमी करताना लेव्हल ३ मधे किती रक्कम आहे तेही द्या. गृहीत धरलेला आकडा थोडा बदलला तर किंमत किती हलेल हेही लेव्हल ३ च्या नोटमधे कंपन्यांना लिहावं लागतं, तेवढी एक नोट आपल्या वार्ताहरांनी वाचली तरी काम होईल. जागा कमी असेल तर शेअरचा वर्षातला उच्चांक-नीचांक गाळा, तो मोबाईलवर दिसतो.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली