कॅम्पातल्या बेकरीवाल्या काकांना, एकाच बाजूने भाजलेल्या पावाबद्दल

काका,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. काउंटरवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला तो मुलगा आहे ना तुमच्याकडे, त्याच्या नजरेस पडलं तर तो वाचून दाखवेलच. समोर येऊन आभार मानले असते तर ‘अरे ताई, त्यात काय’ म्हणून तुम्ही विषय खारीवर नेला असता. म्हणून इथे चारचौघांत लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

ओळख पटावी म्हणून सांगते. जाड भिंगाच्या, कापडी पिशवीवाल्या आजींना घेऊन दुपारी शटर ओढायच्या वेळेला आलेली कोथरूडची बाई, ती मी. त्या आजी म्हणजे माझ्या सासूबाई.

त्यांची पंचाहत्तरी होती. नणंदेला हॉल घ्यायचा होता, शाल-श्रीफळ, निवेदक, आठवणींची चित्रफीत, सगळं. सासूबाईंनी एका वाक्यात मोडीत काढलं: ‘माझी तुला करायची नाही आणि माझ्यावर कोणी कविता वाचायची नाही. घरातली माणसं बोलवा आणि मला ते इटलीतलं खायला घाला.’

‘ते इटलीतलं’ काय, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. काही वर्षांपूर्वी त्या मैत्रिणींबरोबर युरोपच्या टूरवर गेल्या होत्या. सकाळी पोहे, रात्री वरण-भात, म्हणजे जेवणापुरतं सदाशिव पेठेबाहेर पाऊल नाही. फक्त टस्कनीतल्या एका गावात बस थांबली तेव्हा कोणीतरी बशी पुढे केली. पावाच्या बोटभर जाडीच्या भाजलेल्या चकत्या, वर मेंढीच्या दुधाचं चीज आणि त्यावर मध. क्रोस्टिनी. खारट, गोड आणि कुरकुरीत, सगळं एका घासात. आणि त्या वेळी गाईडने तिकडची एक म्हण सांगितली: चीज आणि नाशपाती एकत्र किती छान लागतात, हे शेतकऱ्याला कळू देऊ नका. बस हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचं माहेर पुरंदर तालुक्यातलं, वडिलांची अंजिराची बाग. ‘शेतकऱ्याला कळू देऊ नका म्हणे! कळलं की आता शेतकऱ्याच्या मुलीला,’ हे वाक्य घरी आल्यावर आम्ही किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही.

तर एवढंच करायचं होतं, काका. पाव भाजायचा, चीज लावायचं, वर गोड काहीतरी. पण ही म्हण पुण्यातही किती जण मनोभावे पाळतात ते मला तुमच्याकडे पोचेपर्यंत कळत गेलं.

आधी एक केटरर झाले. नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचं नाही. आगाऊ रक्कम घेताना ‘मॅडम, एकदम ऑथेंटिक’ आणि कार्यक्रम तोंडावर आल्यावर ‘एवढ्या कमी माणसांसाठी आमची टीम निघत नाही’. माणसं किती ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पैसे अजून परत यायचे आहेत. मग परदेशी चीजचं एक चकचकीत दुकान. तिथल्या मुलाने सासूबाईंकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, ‘आंटी, हे तुम्हाला नाही आवडणार. शेजारच्या किराण्यात क्यूब मिळतील.’ क्यूब वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, टोस्ट सँडविचमध्ये त्यांच्यासारखं वितळणारं दुसरं काही नाही. पण ज्या बाईने मूळ पदार्थ त्याच्या गावात जाऊन खाल्ला आहे, तिला ‘तुम्हाला आवडणार नाही’ हे सांगणारा तू कोण? सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, ‘जाऊ दे, श्रीखंड करू.’ तो सूर मला सहन झाला नाही. रिक्षा तशीच कॅम्पात वळवली.

तुमच्या दुकानात आम्ही खरं तर नुसता लांब पाव मागितला होता. तुम्ही विचारलंत, ‘कशाला पाहिजे?’ आणि मी सांगितल्यावर कपाटात पुढे असलेल्या पावावरचा हात मागे घेतलात. ‘ताई, हा आजचा आहे. याच्या चकत्या नाय निघणार, दाबला की लगदा. कालचा देतो, त्याचे पैसे पण कमी.’ जो दुकानदार जास्त पैशाचा माल बाजूला ठेवून कमी पैशाचा देतो, त्याच्यापुढे मी मुकाट वही काढते. खरंच काढली होती, आठवत असेल.

मग तुम्ही जे सांगत गेलात ते सगळं इथे लिहीत नाही. धंद्यातली गोष्ट, आणि ऐकायची तर तुमच्याच तोंडून ऐकावी. तरी दोन-चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण चीजच्या दुकानातल्या त्या मुलाला त्या कळायला हव्यात. पावाला लोणी नको, लोण्यात पाणी असतं. तेल लावा नाहीतर साजूक तूप. भाजलेला पाव पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर त्याची वाफच त्याला मऊ करते. मध पावावर नाही, चीजवर, तोही ताटली बाहेर नेताना. आणि चीजचं काय, या प्रश्नावर तुम्ही जे बोललात त्याने मी उडालेच. ‘चक्का आहे ना तुमच्या लोकांचा! रात्रभर टांगा, त्यात ताजं पनीर मिक्सरला फिरवून घाला, मीठ टाका. आंबट आहे, मऊ आहे, अजून काय पाहिजे?’ श्रीखंडावर समाधान मानायला निघालेल्या बाईंना त्याच चक्क्यातून इटलीचा रस्ता दाखवलात. सासूबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

आणखी एक. ‘अम्मा व्हेज आहेत ना?’ हे तुम्ही सासूबाई नानकटाई बघायला पलीकडे गेल्यावर विचारलंत, आवाज खाली आणून. जुन्या हॉटेलच्या किचनमध्ये काढलेल्या दिवसांत शिकलेली गोष्ट मग सांगितलीत: तिकडची बरीच कडक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून करतात, पार्मेजानला तर तेच लागतं. म्हणून डब्यावर हिरवा ठिपका बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. टूरवर सासूबाईंच्या तोंडात नक्की काय गेलं असेल याचा हिशेब मी मनात मांडला आणि तिथेच मिटवला. (त्या हे पत्र वाचणार आहेत. पण सुनेचं लिखाण वाचताना त्या मधले परिच्छेद गाळतात, त्यामुळे चिंता नाही.)

पण पत्र यासाठी लिहीत नाही आहे. माहिती काय, कुठेही मिळते. त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी लिहिते आहे.

दुकान बंद करायची वेळ झाली होती. शटर अर्धं खाली होतं. तुम्ही आत जाऊन पावाच्या दोन चकत्या भाजून आणल्यात, चव बघायला. माझ्या हातात दिलीत ती दोन्ही बाजूंनी खरपूस होती, दाताखाली खाडकन मोडली. सासूबाईंना दिलीत ती वेगळी होती. कडा काढलेली, एका बाजूने सोनेरी, खालची बाजू तशीच मऊ. घरातलं मलईचं काहीतरी त्यावर लावून वर मधाची एक धार सोडलेली. आणि तुम्ही म्हणालात, ‘मला स्वतःला अशीच आवडते, अम्मा. फार कडक काय मजा नाय.’

काका, सासूबाईंना कवळी आहे. हे त्यांनी नातेवाइकांपासून वर्षानुवर्षं लपवलं आहे. लग्नकार्यात चकली पुढे आली की ‘मला तळकट चालत नाही’, कडक लाडू आला की ‘गोड कमी केलंय’. (परवानगी घेऊन लिहिते आहे. ‘लिही, आता कोणाला पसंत पडायचंय मला,’ असं म्हणाल्या.) तुम्ही मघाशी त्यांना दिलेला जिरा बटरचा, म्हणजे त्या जिरं घातलेल्या कडक बटरचा (लोण्याचा नव्हे), तुकडा त्यांनी हातातच फिरवत ठेवला होता आणि नंतर हळूच पिशवीत टाकला होता. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. तुमच्या आलं. आणि लक्षात आलं आहे हे तुम्ही त्यांना कळू दिलं नाहीत. ‘आजी, दातांना त्रास होतो का’ असं प्रेमाने विचारणारे खूप भेटतात, आणि ते विचारतात तेव्हा सासूबाई अर्धा तास गप्प होतात. तुम्ही विचारलं नाहीत. आवड तुमची म्हणून सांगितलीत, कमीपणा त्यांच्याकडे जाऊ दिला नाहीत.

त्यांनी ती चकती पूर्ण खाल्ली. उभ्याउभ्या. मग बोटाला लागलेला मध चाटला. माझ्या लग्नानंतर मी त्यांना असं बोट चाटताना पाहिलं नव्हतं.

मी खूप दिवस या गोष्टीवर विचार करते आहे. आपल्याकडे चांगुलपणाचाही गाजावाजा फार झाला आहे. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग, ज्येष्ठांसाठी सवलत, ज्येष्ठांसाठी खुर्ची, आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्या आवाजात ‘आजी तुम्ही बसा’. हवंच ते. पण माणसाला मदत घेतोय असं वाटूच न देता मदत करणं ही वेगळी जात आहे, आणि ती मला मोठ्या ठिकाणी कमी आणि भट्टीशेजारी, गाड्यावर, गिरणीत जास्त दिसते. आमच्या गिरणीवाल्याकडेही आहे थोडी. पुण्याच्या दुकानदारांवरचे विनोद आम्ही सगळेच पुढे ढकलतो, त्यातले बरेच खरेही आहेत. पण शटर अर्धं ओढून झाल्यावर परत शेगडी पेटवणाऱ्या माणसावर कोणी विनोद केलेला माझ्या पाहण्यात नाही. त्या इटालियन म्हणीतला शहाणा माणूस शेतकऱ्यापासून चव लपवतो. तुम्ही शेतकऱ्याच्या मुलीला चव दाखवलीत, तिचं गुपित मात्र जपलंत.

कार्यक्रमाचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला उत्सुकता असेल. नाशपातीऐवजी आम्ही अंजीर घेतले. अंजिराचा मीठा बहार, म्हणजे हंगाम, चालू होता आणि सासूबाईंच्या भाच्याने पुरंदरातल्या दिवे गावाहून पहाटे तोडलेले अंजीर पाटीत घालून आणले. हे फळ फार टिकत नाही, त्यामुळे सगळे त्याच दिवशी संपवले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्या भाच्याने आल्याआल्या, चप्पल काढायच्या आधी सगळ्यांना सांगितलं. मध महाबळेश्वरचा. वर भरड मिरपूड आणि अक्रोडाचा तुकडा. आमचे एक काका ‘यात नैवेद्याचं कोणतं?’ असं विचारून मोकळे झाले, नणंदेच्या मुलाने मधाऐवजी ठेचा लावून पाहिला आणि खरं सांगू, तेही भलतंच छान लागत होतं. चक्क्याचा आंबटपणा ठेच्याला धरून राहतो.

दोन ताटल्या केल्या होत्या. एक दोन्ही बाजूंनी भाजलेली, एक एकाच बाजूने. कोणती कोणासाठी हे कोणालाच सांगितलं नाही. मऊ ताटली आधी संपली. सासूबाईंच्या वयाच्या सगळ्या मैत्रिणी हसतखेळत तिच्याभोवतीच होत्या, आणि त्यातल्या एकीने तर ‘मलाही अशीच आवडते बाई’ म्हटलं तेव्हा मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

तुमचे पैसे देणं राहिलं आहे, विसरले नाही. पावाचे घेतलेत, पण त्या दोन चकत्यांचे, मलईचे आणि शेगडीचे घ्यायला तुम्ही तयार नव्हतात. ते मी देणारच नाही, कारण तुम्ही रागवाल. त्याऐवजी पुढच्या आठवड्यात दिव्याची अंजिरं घेऊन येते. मला यायला दुपार होईल, तेव्हा त्या मुलाला सांगून ठेवा. सासूबाईही येणार आहेत. त्यांना एक शंका आहे: मघाचा तो जिरा बटर पिशवीतून घरी आणून त्यांनी दुधात भिजवला, बरा लागला, पण त्याचं याहून चांगलं काही करता येत असेल तर तुम्हालाच विचारायचं म्हणतात.

कळावे,
आपली,
कालचा पाव नेणारी कोथरूडची गिऱ्हाईक