रुग्णालयाचा मुख्य अधिकारी निवडताना देयके समोर ठेवा

महोदय,

धर्मादाय रुग्णालयाचा मुख्य कार्यकारी अधिकारी निवडताना विश्वस्तांची नजर अजूनही नामवंत सर्जनकडेच जाते. शस्त्रक्रियेचा हात वेगळा, ताळेबंद वाचणारा डोळा वेगळा. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ ककनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. तेव्हा मुलाखतीत नावे झाकलेली जुनी देयके देऊन हा हिशेब करून घ्यावा. विमा कंपनीने दावा का कापला, हेही ओळखू द्यावे. उमेदवाराची चौकशी त्याच्या जुन्या रुग्णालयाच्या अध्यक्षांकडेच नव्हे, तिथल्या मेट्रनकडेही (मुख्य परिचारिकेकडे) करावी. खरे तिथेच कळते! आणि खरेदी, नेमणुकांचे अधिकार किती रकमेपर्यंत, कोणत्या पदापर्यंत, हे नियुक्तिपत्रातच लिहावे. नाहीतर चांगला माणूसही टिकत नाही.

– रुग्णालय प्रशासनातील एक वाचक, पुणे