पॉलिसी फाइलला लावली, वाचली कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यात किंवा बांधकामावर कामगार दगावला की बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास येते : ‘मालकाने मृताच्या कुटुंबीयांना पाच लाखांची मदत दिली.’ विमा कंपनीत कामगार-भरपाईच्या पॉलिसी तपासणाऱ्यांना हे वाक्य वाचले की पुढचा घोळ दिसू लागतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार (तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, त्याविषयी पुढे) मृत्यूची भरपाई त्यासाठी नेमलेल्या आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसाच्या हातात ठेवलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. वजावट मिळते ती फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या उचलीची. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे आमची काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले तरी कायद्याने तो करार रद्दच ठरतो. म्हणजे मालक दोनदा पैसे मोजतो, आणि कुटुंबाला हक्काचे पैसे मिळायला वर्षे लागतात.

हक्काचे म्हणजे किती? सूत्र सोपे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे 50 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के. हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये आहे. वय 30 असेल तर गुणक 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. पाच लाखांची ‘मदत’ या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

‘चूक त्याचीच होती’ हा मालकांचा आवडता बचाव. साधा निष्काळजीपणा हा कायद्यात बचावच नाही. नशेत असणे, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणे आणि सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढणे, एवढेच तीन अपवाद आहेत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत.

भोसरी, चाकण, वाळूज, अंबडच्या पत्रे कापणाऱ्या शॉपमधली पॉवर प्रेस घ्या. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून आदळणारा जड भाग, खाली येऊ नये, अशी तिची रचना. पण उत्पादन वाढवायचे म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले असते, किंवा बटणे काढून पायाचे पेडल बसवलेले असते. मोकळा झालेला हात डायमधला (साच्यातला) तुकडा उचलायला जातो आणि रॅम येतो. हे सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत रोज चालत असेल, तर ‘कामगाराने जाणूनबुजून केले’ हे सिद्ध करणे जवळपास अशक्य. कमाईची क्षमता किती गेली हे कायद्याच्या परिशिष्टात ठरवून दिले आहे : एका हाताची दोन बोटे गेली तर 20 टक्के, तीन गेली तर 30 टक्के, अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के. तिशीच्या कामगाराची दोन बोटे म्हणजे 15,000 च्या हिशेबाने पूर्ण अपंगत्वाच्या भरपाईचे 20 टक्के, 3,74,364 रुपये. हेही किमानच. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच मानले आहे, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

आता पॉलिसीकडे. 1923 च्या कायद्यात विमा सक्तीचा नव्हता. लहान ठेकेदार डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार-भरपाईची) पॉलिसी काढतो ती गेटपास मिळावा किंवा बिल अडू नये म्हणून. मोठ्या कंपनीचा एचआर विभाग पहिल्या पानाची झेरॉक्स फाइलला लावतो आणि विषय संपतो. क्लेम मात्र ठरतो शेड्यूलवर, म्हणजे कामगारांची संख्या, कामाचा प्रकार, जागा आणि जाहीर केलेले वेतन लिहिलेल्या पानावर. ते पान कोणी मागतच नाही.

सगळ्यात मोठी गळती वेतनाच्या आकड्यात असते. प्रीमियम वर्षभराच्या एकूण वेतनावर लागतो, म्हणून आकडा कमी दाखवायचा मोह होतो. समजा, प्रत्यक्षात 20 कामगार महिना 15,000 वर आहेत, म्हणजे वर्षाला 36 लाख. पॉलिसीत मात्र 10 कामगार 9,000 वर दाखवलेत, म्हणजे 10 लाख 80 हजार. विमा उतरला तो 30 टक्क्यांचा. अनेक पॉलिसींत अशा वेळी क्लेम त्याच प्रमाणात देण्याची अट असते. मग 15,59,850 पैकी विमा कंपनी देणार 4,67,955 आणि उरलेले 10,91,895 मालकाच्या खिशातून. वाचवलेला प्रीमियम किती होता, हे त्याने स्वतःच आठवावे. खरे तर एवढी धडपड करायची गरजही नसते. वर्षअखेरीस प्रत्यक्ष पगारपत्रक देऊन प्रीमियम कमी-जास्त करून घेण्याची तरतूद पॉलिसीतच असते. ते पत्रक द्यायला बहुतेकजण विसरतात.

दुसरी गळती कामाच्या वर्णनात. ‘हाउसकीपिंग’ लिहून स्वस्त दर घ्यायचा आणि माणूस चढवायचा दहाव्या मजल्यावर दोरावर काचा पुसायला. शेड्यूलमध्ये एका साइटचा पत्ता आणि अपघात दुसऱ्या साइटवर, हेही नित्याचे. ठेकेदाराने काम मुकादमाच्या टोळीला दिले असेल, तर ती टोळी ठेकेदाराच्या साध्या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी उपठेकेदाराच्या कामगारांचे एक्स्टेन्शन (वाढीव संरक्षण) घ्यावे लागते. आणि काम जर मूळ कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल, तर कामगार भरपाई थेट त्या कंपनीकडेच मागू शकतो. कंपनीने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, सापडला तर.

वैद्यकीय खर्चाचेही तसेच. 2010 पासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, पण पॉलिसीत त्याला बऱ्याचदा मर्यादा असते किंवा तो मुळातच वगळलेला असतो. व्याज हा आणखी एक खड्डा. अपघाताच्या तारखेपासून महिनाभरात भरपाई जमा केली नाही तर 12 टक्के सरळव्याज लागते. वरच्या उदाहरणात ते वर्षाला 1,87,182 रुपये होते, आणि प्रकरण चार वर्षे चालले तर साडेसात लाखांच्या घरात जाते. करारात वगळले असेल तर व्याज विमा कंपनीवर पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केले. विलंबाचा 50 टक्क्यांपर्यंतचा दंड तर मालकानेच भरायचा, हे 1997 पासून ठरलेले आहे.

ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) गोंधळ वेगळाच. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला या कायद्याखाली पुन्हा भरपाई मागता येत नाही. तरी काही मालक त्यांचाही डब्ल्यूसी प्रीमियम भरत राहतात आणि 21,000 या ईएसआयच्या वेतनमर्यादेच्या वर पगार गेलेल्या फिटर, वेल्डरला मात्र दोन्हीकडे वगळतात. मे महिन्यात पगारवाढ होऊन माणूस मर्यादेच्या वर गेला, तर तो 30 सप्टेंबरपर्यंत ईएसआयमध्ये राहतो. 1 ऑक्टोबरला त्याचे नाव डब्ल्यूसी पॉलिसीत यायलाच हवे.

क्लेम अडतो तो बहुधा कागदावर. कालच आलेला माणूस, ‘मस्टरवर उद्या चढवू’ म्हणून राहिलेला, आणि पगार रोखीने. मग तो आपला कामगार होता हेच सिद्ध करण्यात वर्ष जाते. हजेरीपट, मागील 12 महिन्यांचे पगारपत्रक, वयाचा पुरावा, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा अपंगत्वाचा दाखला एवढे हाताशी असेल, तर विमा कंपनीला टाळाटाळ करायला फार जागा उरत नाही. ती कधी करतच नाही, असा आमचा दावा नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भरपाईचा कायदा तिच्यात गेला. 50 आणि 60 टक्क्यांचे सूत्र कायम आहे. पण घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, आता कामावरचा धरला जाणार. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मोजला जाणार, म्हणजे जाहीर करायचा आकडाही बदलणार. आणि ज्या पॉलिसीत अजून फक्त ‘1923 चा कायदा’ एवढेच छापले आहे, तिच्यावर संहितेचा उल्लेख असलेले एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची दुरुस्ती) नूतनीकरणाची वाट न पाहता लेखी मागून घ्यावे.

2017 च्या दुरुस्तीने मालकावर आणखी एक बंधन आले होते : कामावर घेतानाच कामगाराला भरपाईच्या हक्काची माहिती इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा यांपैकी त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, नाहीतर 50 हजार ते एक लाख रुपये दंड. झारखंड, ओडिशाहून आलेल्या सेंटरिंगच्या मजुराला हे पत्र निदान हिंदीत मिळायला हवे. त्यातच विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख घालावी, आणि हीच माहिती गेटजवळच्या फलकावरही लिहावी. एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांनी आपल्या सभासदांकडून एवढे करून घ्यायला सरकारी आदेशाची गरज नाही.

आपला,
कामगार-भरपाई विभागातील एक पॉलिसी-विश्लेषक,
चिंचवड, पुणे