वारा पडला म्हणजे पाऊस टळला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली चक्रीवादळाची बातमी वाचली. ‘किनारा ओलांडल्यावर डोंगर, झाडे, इमारतींना धडकून वादळाची ताकद संपते, त्यामुळे मराठवाड्याला धोका नाही’ हे कोणी आणि कशाच्या आधारावर लिहिले? कारण तर अर्धवट आहेच, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष आमच्या जिवावर उठणारा आहे.

वादळ धडकून मरत नाही, त्याची रसद तुटते. साडेसव्वीस अंशांहून जास्त तापलेल्या समुद्राची वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता सुटते आणि त्या उष्णतेवर वादळ जगते. जमिनीवर ही वाफ मिळेनाशी होते, केंद्रातला हवेचा दाब वाढतो आणि वारा पडतो. घर्षणाने जमिनीलगतचा वारा मंदावतो हे मान्य. पण थंड समुद्रावर गेलेले वादळही विरते. तिथे कोणता डोंगर आडवा येतो?

‘गुलाब’ चक्रीवादळाचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. २६ सप्टेंबर २०२१ ला ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, जमिनीवर क्षीण झाले आणि अख्खे दख्खन ओलांडून अरबी समुद्रात उतरले. गरम पाणी मिळताच पुन्हा उठले, ‘शाहीन’ नावाने थेट ओमानवर गेले. डोंगरांनी ते संपवले असते तर पुन्हा उठले कसे?

मधल्या वाटेत, ‘कमकुवत’ असताना, ते आमच्यावरून गेले. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या खाली आला की ‘चक्रीवादळ’ हे नाव जाते, पण त्या मोजमापात पाऊस धरलेलाच नसतो. वरच्या ढगांत ओल तशीच असते. तेव्हाही ‘तीव्रता घटली’ एवढेच कानावर आले आणि आम्ही गाफील राहिलो. सोयाबीन कापून बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लावली होती, मळणीयंत्र सांगून ठेवले होते. रात्रभर पाऊस कोसळला, धनेगावला मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदी रानात शिरली. उजाडल्यावर पाहिले तर बनीमच्या जागी चिखल होता. ताडपत्री बाभळीला गुंडाळलेली, तिच्या घडीत मूठभर काळ्या पडलेल्या शेंगा. न कापलेल्या पट्ट्यात शेंगांतच कोंब फुटले. आदल्या दिवशी कोणी ‘वारा नाही, पण पाऊस मोठा आहे’ असे ठळक छापले असते, तर निदान बनीम वरच्या रानात हलवली असती.

आणि पीकविम्याचेही लिहितो, कारण त्याची बातमी कोणी करत नाही. तेव्हा, २०२१ साली, नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, ओढ्याला पूर, रस्ता बंद. सूचना द्यायची कुठून? नंतर ‘मुदत संपली’ म्हणून आमचा अर्ज परत आला. अशी मुदत असेल तर ती पूर ओसरून रस्ता सुरू झाल्यापासून धरावी, असे आपण एकदा अग्रलेखात मांडा.

कालच्या बातमीची दुरुस्ती पहिल्या पानावर यावी. यापुढे वादळ कमजोर झाल्याची बातमी छापताना त्याच चौकटीत लातूर, बीड, धाराशिव, नांदेडचा पावसाचा अंदाज आणि धरणाच्या विसर्गाचे आकडे द्यावेत. सध्या सोयाबीन काढणीला आले आहे, म्हणून हे याच आठवड्यात व्हावे.

आपला,
मांजरेकाठचा एक शेतकरी
ता. जि. लातूर