सायलेन्सर चिरडा, पण ब्रेकची नोंद करून घ्या

महोदय,

‘मॉडिफाइड’ गाड्यांवरच्या कारवाईच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर खुशाल रोलर फिरवा. तसले काम घेऊन येणाऱ्या पोरांना मी दारातूनच परत पाठवतो. पण स्प्रिंग, ब्रेक, टायर बदललेली गाडीही त्याच माळेत ओवली जाते, हे खटकते.

माझ्याकडे स्कोडाची एक वेगवान गाडी येते, ऑक्टाव्हिया आरएस, २३० अश्वशक्तीची. एरवी ती ऑफिसला जाते आणि सवड मिळाली की मालक तीच चालवत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नेतो. त्याआधी मी इंजिनाला फारसा हात लावत नाही. खरे काम ब्रेक ऑइलचे. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! डॉट ४ या प्रतीचे ऑइल ताजे असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. ओल धरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत करकचून ब्रेक लागतात. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल थेट तळाला जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. बायकापोरे बसलेली गाडी घाटात सतत ब्रेकवर उतरवली, तर तिथेही हेच होऊ शकते. म्हणून त्याहून जास्त ताप सोसणारे ताजे डॉट ५.१ ऑइल भरायचे, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची, जास्त ताप सोसणारे ब्रेक पॅड घालायचे. ते पॅड गार असताना नीट धरत नाहीत, त्यामुळे परतीला निघण्याआधी रस्त्याचे पॅड पुन्हा बसवायचे. मालक कुरकुरतो, मी ऐकत नाही. चाकाचे बोल्टही टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटरलाच. पान्यावर उभे राहून आवळणे माझ्याकडे चालत नाही.

ही गाडी मध्यंतरी एका नाक्यावर अडवली. का, तर ब्रेक पॅड दाबणारे कॅलिपर लाल! ते कंपनीतूनच लाल येतात. मोबाइलवर कंपनीचे फोटो दाखवल्यावर सुटका झाली. तेवढ्यात स्पेसर (चाकामागे बसवायच्या जाड चकत्या) घालून चाके मडगार्डबाहेर काढलेली एक जीप शेजारून आरामात निघून गेली.

कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला ठाऊक आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हेही माहीत आहे. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, कुणी हात लावू नये, हे मान्यच. पण सीएनजी किट बसवले तर आरसीवर नोंद होते, मग तपासून घेतलेल्या स्प्रिंगची का होऊ नये? जर्मनीत असे बदल टीयूव्हीसारख्या संस्था तपासतात आणि ते गाडीच्या कागदांवर चढतात.

जाता जाता मालकांनाही सांगतो, विम्याची पॉलिसी वाचा. शर्यत आणि वेगचाचणी त्यात सहसा वगळलेली असते.

व्यावसायिक वाहनांचे ब्रेक तपासणारी रोलरची यंत्रे आता बसू लागली आहेत. आमच्या गाड्याही त्यावर चढवा, रीतसर फी घ्या, पास झाली तर नोंद करा. नापास झाली तर गाडी माझ्याकडे परत पाठवा.

– एक गॅरेजमालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर