व्हिडिओतलं गाणं काढ, आजीचा आवाज ठेव

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा तू केलेला व्हिडिओ काल रात्री दोनदा बघितला, एकदा नुसता बघायचा म्हणून आणि एकदा वही घेऊन. ऑफिस सांभाळून पहिल्यांदाच एडिट केलंस, पावणेतीन तासाच्या फुटेजमधून २२ मिनिटं काढलीस, हे सोपं नाहीये आणि मला फार बरं वाटलं. पण काही गोष्टी बदलायला हव्यात असं मला मनापासून वाटतं आणि फोनवर तू घाईत असतोस म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय, हळूहळू वाच.

आधी ते झटके. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरतो तिथे सगळीकडे चित्र अडखळतंय बघ, मांडवात पाहुणे येतात तिथे तर फारच. तुला वाटलं तुझा हात हलला, पण हात नाही हलला. मामाने अमेरिकेतून आणलेला कॅमेरा आहे तो, एनटीएससी या तिकडच्या पद्धतीवर सेट आहे, म्हणजे सेकंदाला २९.९७ फ्रेम, सुटी चित्रं, घेतो, आणि दाविंची रिझॉल्व्ह या तुझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन प्रोजेक्ट उघडलं की ते आपलं आपण २४ फ्रेमचं असतं. तू तसंच काम सुरू केलंस, मग सॉफ्टवेअर मधल्या मधल्या फ्रेम गाळत बसतं आणि तेच डोळ्याला खटकतं. एकदा क्लिप आत घेतल्या की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, त्यामुळे नवीन प्रोजेक्ट कर, सगळ्यात आधी सेटिंगमध्ये २९.९७ कर आणि मगच क्लिप आत घे. कापाकापी परत करावी लागेल, मला माहितीये. पण नाहीतरी मी खाली जे सांगणार आहे त्यासाठी परत करायलाच लागणार आहे.

आत्याने मोबाईलवर काढलेल्या क्लिप आहेत ना, त्यांचा फ्रेम रेट सारखा नसतो, मोबाईल उजेड बघून कमीजास्त करतो, म्हणून त्या लांब क्लिपमध्ये शेवटी शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीयेत. त्या आधी हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट, म्हणजे सगळीकडे सारखा, करून घे, फुकट आहे ते.

हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली काळ्या पट्ट्या सरकतायत त्याचं आता फार काही करता येणार नाही. आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि कॅमेऱ्याचा शटर होता १/६० वर, ते जुळत नाही. डीफ्लिकर म्हणून इफेक्ट आहे पण तो रिझॉल्व्हच्या पेड व्हर्जनमध्ये, एवढ्यासाठी पैसे घालू नकोस. पट्ट्या असलेले शॉट छोटे ठेव, बास. पुढच्या वेळी कॅमेरा पाल या आपल्याकडच्या पद्धतीवर कर, २५ फ्रेम, शटर १/५०, म्हणजे घरातल्या लाइटखाली हा त्रासच नाही.

लॅपटॉप अडकतो म्हणालास. आपल्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या फाइल एच.२६४ या दाबून लहान करायच्या पद्धतीत असतात, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच बरेचदा लिहिलेलं असतं, म्हणून एक जागा दाखवायला सुद्धा लॅपटॉपला मागचं पुढचं सगळं सोडवावं लागतं. मीडिया पूलमध्ये, जिथे सगळ्या क्लिप दिसतात तिथे, सगळ्या सिलेक्ट करून राइट क्लिक करून प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, बनवायला लाव आणि जेवायला जा. येईपर्यंत काम सोपं झालेलं असेल. एक्स्पोर्ट करताना मात्र मूळ फाइलच वापर.

पूजेची क्लिप दोन तुकड्यात आहे, त्यात तुझं काही चुकलेलं नाही, आपल्या कॅमेऱ्यात फाइल ४ जीबी झाली की रेकॉर्डिंग थांबतं, साधारण १२ मिनिटं होतात. तू लगेच परत बटण दाबलंस म्हणून थोडंच गेलंय. त्या जागी गुरुजींच्या हाताचा किंवा समईचा शॉट वरच्या ट्रॅकवर टाक, कोणाला कळणार पण नाही.

आता मुख्य. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तू गिटारचं म्युझिक टाकलंयस आणि खालचा सगळा आवाज बंद केलायस. का केलंस ते समजतं, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये पंखा येतो, फोकस फिरतानाची लेन्सची कुरकुर येते, स्वयंपाकघरातली भांडी येतात. पण बाळा, त्यातच आजी आहे रे. तुझ्या व्हिडिओत आजी २२ मिनिटं दिसते आणि एक शब्द बोलत नाही. मी आजोबांच्या पंचाहत्तरीला हेच केलं होतं, पूर्ण व्हिडिओला गाणी लावली, मग जागा नाही म्हणून कार्ड फॉरमॅट केलं, आणि आज आजोबांचा बोलतानाचा आवाज आपल्याकडे कुठेच नाहीये. आजी तो व्हिडिओ अजून लावते आणि म्हणते आवाज वाढव गं जरा. मी काय वाढवू?

म्हणून पहिलं काम, मूळ क्लिप दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी कर, एक तुझ्याकडे आणि एक इकडे वाईला पाठव, तोपर्यंत कार्डाला हात लावू नकोस.

दुसरं, गाणं फक्त पाहुणे जेवतात तिथे ठेव, तिथे नुसता गोंगाटच आहे. बाकी सगळीकडे मूळ आवाज वर आण. बोलणं आवाजाच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास असू दे, आणि कोणी मोठ्याने हसलं तरी उणे ६ च्या वर जाऊ देऊ नकोस. कट केलास की पंख्याचा आवाज एकदम तुटतो आणि ते कानाला लागतं, त्यासाठी क्लिपच्या दोन्ही टोकांना आवाजाचा छोटासा फेड दे, म्हणजे तो हळूच चढेल आणि हळूच उतरेल, आणि कोणी बोलत नाही असा पंधरा-वीस सेकंदाचा तुकडा शोधून तो खालच्या ट्रॅकवर पसरून टाक, म्हणजे सगळं एकाच खोलीत घडतंय असं वाटतं. पंखा ऐकू आला तर येऊ दे. आपल्या घरात पंखा असतोच.

आणि स्लो मोशन काढून टाक. औक्षणाचा शॉट तू अर्ध्या स्पीडला नेलायस पण फ्रेम तेवढ्याच आहेत, त्या दोनदोनदा दिसतात आणि ज्योत धक्के खात हलते. आहे त्या स्पीडला ती ज्योत किती सुंदर हलते ते मूळ क्लिपमध्ये बघ.

सकाळी आजी ओट्याजवळ पाट घेऊन वाती वळत बसली होती, ती चार मिनिटांची क्लिप तू सहा सेकंदावर आणलीस. मला वाटतं तीच सुरुवात असायला हवी. तिचे हात दाखव, चांगले अर्धा मिनिट दाखव, मधे ती गप्प होते ती पण कापू नकोस, काही होत नाहीये असं तुला वाटलं असेल पण कापूस बोटात फिरतोय, बांगडी पाटावर आपटतेय, ते सगळं ऐकू येतं. मग ती मला विचारते, "मोजल्यास का गं?" त्या वाक्यावर चित्र सरळ रात्रीच्या ८१ दिव्यांवर ने आणि आवाज मात्र स्वयंपाकघरातलाच चालू ठेव. आल्ट दाबून क्लिक केलं की नुसतं चित्र सिलेक्ट होतं, ते आधी काप आणि आवाज लांब राहू दे. एवढं एकच जमलं तरी अख्खा व्हिडिओ बदलेल बघ.

रंगात फार शिरू नकोस. खिडकीकडचे शॉट निळे आणि बल्बखालचे पिवळे आलेत, ते एकमेकांच्या जरा जवळ आण, तिच्या चेहऱ्याचा रंग खरा दिसला की थांब. एक्स्पोर्ट एमपी४, १९२० बाय १०८०, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, १०,००० किलोबिट ठेवलास तर २० मिनिटाचं दीड जीबीच्या आसपास होईल. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते दाबून बारीक करतं आणि सगळी मेहनत वाया जाते. आत्याच्या टीव्हीला मी पेनड्राइव्हने लावीन.

आणि हो, वातींच्या क्लिपमध्ये शेवटी नीट कान देऊन ऐक, हेडफोन लाव, मिक्सर चालू आहे म्हणून पटकन कळत नाही. मी म्हणते ८४ झाल्यात, तीन जास्त आहेत. तर आजी त्या तीन वाती पदराने पुसलेल्या डबीत ठेवते आणि म्हणते, "असू दे, पुढच्या वर्षांना लागतील." तू नेमकं त्याच्या आधी कापलंयस.

तुझी,
आई