दर वाढवा, पण आकडेही दाखवा

महोदय,
पाणीपट्टीवाढीचा प्रस्ताव आला की चर्चा दराचीच होते. त्या दरात पदरात काय पडते, हे कोणी विचारत नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये निकष ठरवले: माणशी रोज १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, प्रत्येक जोडणीला मीटर, गळती-चोरीत जाणारे, हिशेबाबाहेरचे पाणी जास्तीत जास्त २० टक्के, खर्चाची पूर्ण वसुली. यातला शेवटचा तेवढा सगळ्यांना पाठ! आमच्या सोसायटीतले मीटर धूळ खात आहे, पट्टी मात्र ठोक येते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि वापर वाढेल तसे चढत जाणारे दर लावून चोवीस तास पाणी दिले. आमच्या पालिकेने निदान प्रभागवार गळतीचे आकडे बिलाच्या पाठीमागे छापावेत.

— एक करदाता